‘परंपरेनुसार’ या एका शब्दापायी : उत्सव समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, विश्वस्त, ग्रामस्थ मंडळ आणि मुंबईकर मंडळ,
महाशिवरात्र उत्सव

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात समितीची सूचना सगळ्यांच्या मोबाइलवर आली. गणपतीत होणाऱ्या सभेचे विषय त्यात दिले आहेत. पालखीची पाळी, महाप्रसादाचे तांदूळ, देवळाच्या मागच्या पडवीची गळती, आणि सातव्या नंबरला हे : ‘उत्सवाचे नाटक. परंपरेनुसार स्त्री-भूमिका बाहेरील कलाकार करतील. याबाबत फेरविचार होणार नाही.’ खाली अठ्ठावीस जणांनी जोडलेले हात टाकले. मी टाकले नाहीत. का टाकले नाहीत ते एका ओळीत लिहिता येईना, म्हणून हे पत्र.

मी या गावात सून म्हणून आले त्याला २७ वर्षं झाली. शाळेत शिकवते, म्हणून लहानथोर सगळे मला बाई म्हणतात. यातली १९ वर्षं मी उत्सवाच्या नाटकाला डाव्या विंगेत पुस्तक घेऊन उभी आहे. ते काम मला कुणी मान म्हणून दिलं नव्हतं. आधीच्या प्रॉम्प्टरना मोतीबिंदू झाला, आणि पात्राला ऐकू जाईल पण पहिल्या रांगेला जाणार नाही अशा आवाजात वाचणारं दुसरं कुणी गावात नव्हतं. बाईमाणूस रंगमंचावर चालतं का, यावर तेव्हा कुणीच चर्चा केली नाही. विंगेतलं माणूस दिसत नाही, म्हणून चाललं असावं.

तर, ‘परंपरेनुसार’. या शब्दाचं वय किती, ते आधी बघू.

आमच्या ह्यांचे थोरले काका चौदा वर्षं आपल्या नाटकात स्त्रीपार्ट करायचे. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसायची, तेव्हा औषधाच्या वेळा सोडून आम्ही फक्त नाटकाबद्दल बोललो. उत्सव महिन्यावर आला की ते मिशी काढायचे. बाप जिवंत असताना मुलाने मिशी काढलेली त्यांच्या आईला बघवायची नाही. महिनाभर ती त्यांना पाठमोरी होऊन वाढायची. अंगावर लुगडं काकूंचं, लग्नातलं. त्याच्या पदराला सफेत्याचा, म्हणजे तोंडाला लावायच्या पांढऱ्या रंगाचा, एक डाग पडला होता, तो कधी गेला नाही. काकूंनी तो मला दाखवला होता, आणि दाखवताना त्या रागावल्या होत्या की लाजल्या होत्या ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चाल कुठे शिकलात, असं मी काकांना विचारलं. म्हणाले, ‘विहिरीवर. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन पाणंद चढलं ना, की मान आपोआप बाईची होते.’ गडी माणसाने कळशी डोक्यावर घेतलेली बघून वाडीने हसून घेतलं. पण शिवरात्रीच्या रात्री तेच लोक काका आत गेले तरी विंगेकडे बघत बसायचे म्हणे.

मग मुंबईकर मंडळाने टूम काढली. गिरगावात, दादरला खऱ्या बायका कामं करतात आणि आपण अजून मिश्या भादरत बसलोय, लोक हसतात आपल्याला. सांगली-कोल्हापूरकडून नट्या ठरवून आणायचं ठरलं. त्या वर्षी गावात काय रण माजलं होतं ते आज सत्तरीत असलेल्यांनी डोळ्यांनी बघितलंय. ‘देवापुढे बाई नाचवणार का?’ हे वाक्य याच देवळाच्या सभामंडपात बोललं गेलं. दोन घरांनी तीन वर्षं मांडवात पाय ठेवला नाही. आणि सगळ्यात मोठ्याने विरोध केला तो आमच्या काकांनी. ‘धर्माचं, देवाचं सगळं बोललो मी,’ असं त्यांनी मला सांगितलं, ‘पण खरं म्हणजे माझा पार्ट जात होता ना!’

याला चाळीसेक वर्षं झाली. म्हणजे ज्या परंपरेचा फेरविचार होणार नाही, ती आपल्या अध्यक्षांपेक्षा वयाने लहान आहे. आणि ती सुरू झाली ती परंपरा मोडून.

मागे जायचंच तर आणखी मागे जाऊ. मराठी नाटकाची सुरुवात आपण धरतो ती १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी केलेल्या सीतास्वयंवरापासून. त्याचं मूळही आपलं एकट्याचं नाही. कर्नाटकातल्या होन्नावरजवळच्या कर्कीहून भागवतांची मंडळी सांगलीत खेळ करायला आली होती. तो खेळ सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी बघितला आणि असं काही मराठीत करा म्हणून भाव्यांना सांगितलं. तेव्हा सीता पुरुषच होता. १८८० साली किर्लोस्करांचं शाकुंतल आलं, तेव्हा शकुंतलाही पुरुष. बालगंधर्वांच्या साड्या बघून पुण्या-मुंबईच्या बायका तशा साड्या नेसायला लागल्या, हे तर आपल्या आज्यांनीही सांगितलेलं आहे. ती कला होती, आणि तिला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. दक्षिणेला दोन तालुके ओलांडले की दशावतारात आजही पुरुष स्त्रीपार्ट करतात आणि मानाने करतात. बसायला एक बाकडं, साथीला पेटी, पखवाज आणि झांज, एवढ्यावर रात्र उभी राहते. लेखी संहिता नाही, म्हणजे प्रॉम्प्टरही नाही. (माझी नोकरी तिथे गेलीच.) तिथल्या कुणी उद्या ‘आमच्याकडे परंपरा आहे’ म्हटलं तर मी मान डोलवेन. त्यांनी ती सांभाळलीय, त्यासाठी रियाज केलाय. आपण काय सांभाळलं? आपल्यातल्या कुणाला खरंच जुनी परंपरा हवी असेल, तर त्यांनी या शिवरात्रीला मिशी काढावी. कळशी मी देते.

बायका पुरुषांबरोबर मराठी रंगमंचावर राजरोस आल्या त्यालाही नव्वद वर्षं उलटली. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली होती. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. त्याच्याही आधी नुसत्या बायकांच्या कंपन्या होत्या, तिथे राजापार्टही बायकाच करायच्या. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती हिराबाई पेडणेकर. जन्म सावंतवाडीचा. तिने लिहिलेलं ‘संगीत दामिनी’ १९१२ साली ललितकलादर्शने रंगमंचावर आणलं, आणि आयुष्याचा उत्तरार्ध तिने काढला आपल्याच जिल्ह्यात, गुहागरजवळच्या पालशेतला. शंभर वर्षांपूर्वी कोकणातल्या बाईने नाटक लिहिलं, मोठ्या कंपनीने ते केलं, आणि आपण २१ व्या शतकात कोकणातल्या मुलीला मांडवातल्या फळ्यांवर पाय ठेवता येईल का याचा फेरविचारही करणार नाही.

आता गेल्या शिवरात्रीचं सांगते. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, पण सूचनेत त्याचा उल्लेख नाही आणि यापुढे कुणी करणारही नाही असं दिसतंय.

जुन्याजाणत्यांच्या आग्रहाखातर गेल्या वर्षी ‘संगीत शारदा’ धरलं. देवलांचं १८९९ सालचं नाटक. पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्याशी पैशापायी लग्न लावून द्यायला निघालेल्या पोरीची गोष्ट. तिला काय वाटतं हे तिचा बाप विचारत नाही, मध्यस्थ विचारत नाही, गाव विचारत नाही. शारदा, तिची आई इंदिराकाकू, मैत्रीण वल्लरी आणि बाकीच्या मुली. एवढ्या बायका बाहेरून आणणं परवडेना, म्हणून मैत्रिणींचे प्रवेश कापले. शारदेच्या नाटकात मुलींचेच प्रवेश कापले! माझ्या पुस्तकात अजून त्या पेन्सिलीच्या फुल्या आहेत.

तालमी शाळेच्या मोठ्या वर्गात, चाळीस रात्री. बाहेरच्या नट्या आदल्या दिवशी येणार, एक तालीम करणार. तोपर्यंत शारदेच्या जागी कुणीतरी हवं, म्हणून खालच्या वाडीतल्या एका मुलीला बोलावलं. तिचे आजोबा आपल्या नाटकाला पेटी वाजवतात, त्यामुळे गळा घरचाच. तिला सांगितलं, ‘तू तालमीपुरती.’ दुसऱ्या आठवड्यात तिने पुस्तक खाली ठेवलं. तिसऱ्यात कोदंडाचं काम करणाऱ्या आपल्या मुंबईकर चिरंजीवांची वाक्यंही तीच त्यांना सांगायला लागली, माझ्याआधी. मी प्रॉम्प्टर आहे, मला असं माणूस लगेच कळतं. शब्द पाठ असणं वेगळं आणि वाक्य कुठून येतंय ते कळणं वेगळं. तिला कळत होतं. शारदा घाबरते त्या प्रवेशात ही मुलगी हात चोळायची नाही, रडायची नाही. नुसती फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. फळ्यावर तिसरीच्या मुलांचा पाढा लिहिलेला असायचा. दोन रात्री मला पुढची ओळ वाचायचं भान राहिलं नाही.

शिवरात्रीच्या संध्याकाळी नट्यांची गाडी अणुस्कुरा घाटात बंद पडली. फोनला रेंज नाही. आरत्या झाल्या, नारळ फुटला, नांदीसाठी सगळे रंग लावून उभे. नऊ वाजले, दहा वाजले. माइकची परवानगी बारापर्यंतची. मांडवात पोरं आईच्या मांडीवर झोपायला लागली. साडेदहाला मी मागे जाऊन म्हटलं, मुलगी आहे, तिचं सगळं पाठ आहे, पाचव्या मिनिटाला पडदा उघडता येईल.

तिथे केळीच्या खुंटांपाशी जी सभा भरली तिला मी हजर होते. ‘नको, पायंडा पडेल,’ हे पहिलं वाक्य. ‘तिच्या घरच्यांना काय वाटेल,’ हे दुसरं. तिच्या घरचे म्हणजे तिचे आजोबा तिथून दहा पावलांवर पेटी घेऊन बसले होते. त्यांना जाऊन विचारायला कुणी हललं नाही.

शेवटी एका एकोणीस वर्षांच्या पोराला साडी नेसवली. बिचाऱ्याचा काय दोष? संध्याकाळपर्यंत तो खुर्च्या लावत होता. त्याला एक वाक्य येत नव्हतं. मी विंगेतून ओरडून वाचत होते, तो माझ्याकडे मान वळवून ऐकत होता आणि मग लोकांकडे वळून सांगत होता. पदांचं काय? तेव्हा तुम्हीच म्हणालात, मुलीने विंगेतून गावं. ती माझ्या शेजारी उभी राहून गायली, पुढे तो पोरगा ओठ हलवत होता. तिचा गळा चालला, चेहरा चालला नाही. शारदेच्या भीतीच्या प्रवेशाला मागून शिट्टी आली आणि अख्खा मांडव हसला. तेवढ्यात पेटी एकदम थांबली. आजोबांचा हात भात्यावर तसाच राहिला होता. पाच-सहा सेकंदांनी ते पुन्हा वाजवायला लागले, पण त्या सेकंदांबद्दल त्यांच्याशी बोलायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

बाराला माइक बंद झाला. शेवटचा अंक पुढच्या चार रांगांनी ऐकला. एकच्या सुमाराला नट्या पोहोचल्या, घाटातल्या धुळीने माखलेल्या. त्यांना पूर्ण बिदागी दिलीत हे योग्यच केलंत. त्यातल्या वयाने मोठ्या बाईंनी मला विचारलं, ‘मग शारदा कुणी केली?’ मी सांगितलं. त्या आधी हसल्या, मग विचारलं, ‘आणि गायलं कोण?’ मी मुलीकडे बोट दाखवलं. ‘अहो, मग हिलाच उभी करायची ना!’ त्यांना वाटलं मी विनोद करतेय.

या बायकांबद्दलही एकदा बोलू या. परंपरेनुसार त्या येतात, तर परंपरेनुसार त्यांना आपण कसं वागवतो? कपडे बदलायला चौथीचा वर्ग, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवून. मोरी नाही. जेवणाच्या पंगतीत त्या शेवटी, आणि कुणाच्या घरात नाही, शाळेच्या पडवीत. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी चार वर्षांची मुलगी बरोबर आणली होती, ती ड्रेपरीवाल्याच्या पेटाऱ्यावर झोपून गेली. पहाटे चारला त्या खोबरेल तेलाने रंग काढत होत्या आणि मला म्हणाल्या, बाई, वाटीभर गरम पाणी मिळेल का. समोर देवळाच्या चुलीवर महाप्रसादाच्या मोठ्या हंड्यात पाणी उकळत होतं. ते देवाचं, म्हणून नाही मिळालं. मी घरून आणलं. मला रागापेक्षा नवल वाटतं ते याचं की सोवळ्याओवळ्याचा, महिन्याच्या अडचणीचा प्रश्न गावच्या मुलींच्या बाबतीत निघतो, पण या बायकांना देवापुढच्या फळ्यांवर चढवताना तो कधी कुणी विचारला नाही. म्हणजे प्रश्न देवाचा नाही. त्या आपल्या कुणी नव्हेत, म्हणून त्यांचं काय व्हायचं ते होवो, एवढंच त्यात आहे.

विरोध करणारे सगळे वाईट हेतूने करतात असं मी म्हणत नाही. मुलीच्या आईने मला सांगितलं, ‘बाई, पोरीचं उद्या लग्न जमवायचंय. नाटकात काम करते म्हटल्यावर लोक काय काय विचारतील.’ ती खोटं बोलत नव्हती. मांडवाच्या मागे शिवरात्रीला काय पिऊन कोण उभं असतं हे मलाही दिसतं. आता तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. रात्री केलेलं काम सकाळी कुठल्या गाण्यावर चिकटवून फिरेल याचा नेम नाही. आणि ती बक्षिसं! प्रवेश चालू असताना नाव पुकारून, रंगमंचावर चढून पात्राच्या हातात नोट द्यायची. नटाला दिली तर कौतुक, नटीला देताना हात जरा जास्त वेळ थांबतो. ही तर अगदी पक्की परंपरा, आणि ती बंद करायला मला सगळ्यात आधी आवडेल. मंडळाच्या टेबलावर पाकीट द्यावं, अंक संपल्यावर नावं वाचावीत. तालमी रात्री दहाऐवजी सातला सुरू कराव्यात. खालच्या वाडीच्या वाटेवर दोन दिवे लावावेत. ते नाटकाशिवायही लागायला हवे होते. ही कामं गावाला जमण्यासारखी आहेत. पण ज्यांच्यामुळे भीती आहे त्यांना मांडवात मोकळं सोडायचं आणि जिला भीती आहे तिला घरात बसवायचं, हा बंदोबस्त मला शाळेतही कधी पटला नाही.

शाळेवरून आठवलं. याच मुलीने सातवीत असताना स्नेहसंमेलनात जिजाऊ केली होती. अध्यक्ष स्वतः प्रमुख पाहुणे होते. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवून ‘गावाचं नाव काढशील’ म्हटलं, ढाल दिली. ती ढाल अजून माझ्या कपाटावर आहे. शाळेचं स्टेज आणि देवळाचा मांडव यांत साठ पावलांचं अंतर आहे, मी मोजलंय. त्या साठ पावलांत मुलगी मोठी होते एवढाच काय तो फरक.

मला सगळंच बदलून हवंय असंही समजू नका. उलट ज्या बाबतीत तुम्ही कधी सभा घेतली नाहीत त्यांत मी जुन्याच्या बाजूची आहे. आपल्याकडे रंगवलेले तीन पडदे होते. राजवाडा, रस्ता आणि जंगल. जंगलाच्या पडद्यावरचा मोर कोंबडीसारखा दिसायचा, त्यामुळे वनवासातली सगळी करुण नाटकं आपल्याकडे थोडी कमी करुण व्हायची. ते पडदे वाळवीने खाल्ले म्हणून फ्लेक्सचा राजवाडा आला, आणि झालरीवर सौजन्य म्हणून एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. ‘शारदा’ चालू असताना वर तो हसतोय. याला कुणी विरोध केला नाही. पूर्वी नाटक अकराला सुरू होऊन पहाटे काकडआरतीला संपायचं. आवाजाचा २००० सालचा नियम आला, दहाला कर्णा बंद, खास परवानगी असेल तर बाराला. आपण चार अंकांचे दोन केले, पदं निम्मी केली, आणि कुणी म्हटलं नाही की परंपरा बुडाली. पेट्रोमॅक्स गेले, पायपेटी गेली, परवा तर मुंबईकर मंडळातल्या तरुणांनी पेटी-तबल्याऐवजी रेकॉर्ड लावायची सूचना केली. त्यातल्याच काहींचं म्हणणं आहे की नाटक आता बासच करा, ऑर्केस्ट्रा आणू, गर्दी होईल.

त्या वादात मी ज्येष्ठांच्या बाजूने उभी राहीन, आवाज बसेपर्यंत भांडेन. नांदी राहू दे, हाताने ओढायचा पडदा राहू दे, पेटी माणसानेच वाजवू दे. आपल्या उत्सवात लळिताची रात्र असायची, सोंगं यायची, देवापुढे गावाने स्वतः उभं राहून खेळ करायचा; मराठी नाटकाच्या मुळांत जाणकार या लळितालाही धरतात. त्यात गावाने पैसे देऊन दुसऱ्याला देवापुढे उभं केलं नव्हतं. बरं-वाईट जसं येईल तसं आपणच केलं, म्हणून देवालाही ते चाललं आणि लोकांनाही. जुनं काही असेल तर हे आहे. ते आपण चाळीस वर्षांपूर्वी अर्धं सोडलं, ऑर्केस्ट्रा आला की उरलेलं सोडू. आणि ते परत आणायचा एक मार्ग समोर पाठांतर करून उभा आहे, तर त्याला आपण विंगेत ठेवतोय.

शिवाय माणसं आहेत कुठे? गेल्या नाटकात एकाच गृहस्थांनी तीन कामं केली, दर वेळी नुसता फेटा बदलून. दोन मुंबईकर नटांना रजा मिळाली नाही, त्यांची कामं कापली. वरच्या आळीत कुलपं किती आहेत ते पालखी फिरते तेव्हा मोजता येतं. मी आले तेव्हा शाळेचा पट ३१ होता, आता ११ आहे, आणि त्या अकरांत सात मुली आहेत. पुढच्या पंधरा वर्षांत या गावात नाटक करायला जे कुणी उरेल ते या अकरांतलंच.

माझा भाऊ नोकरीनिमित्त गडचिरोलीकडे होता, तेव्हा एका दिवाळीनंतर मी झाडीपट्टीतलं नाटक बघितलं. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयंच्या कार्यालयं. दिवाळीच्या मंडईपासून, म्हणजे तिकडच्या जत्रेपासून, होळीच्या आसपासपर्यंत हंगाम. शेतात मांडव, धानाच्या मळण्या आटपून आलेली माणसं, अंगावर घोंगड्या, रात्रभर. तिथेही एके काळी पुरुषच बायकांची कामं करायचे. आता बायकांशिवाय नाटक लागत नाही आणि गर्दी हटत नाही. त्याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मला तिथे सगळ्यात बरं कशाचं वाटलं माहितेय? प्रॉम्प्टर होता. मी मध्यंतरात जाऊन त्याला नमस्कार करून आले. तो गोंधळला, त्याला वाटलं माझं काही हरवलंय.

माझं मागणं मोठं नाही. नाटक ठरलं की वाचन सगळ्या गावासमोर व्हावं. ज्याला जे काम हवं त्याने ते वाचून दाखवावं. मुलगा असो, मुलगी असो, वरच्या आळीतला असो की खालच्या वाडीतला. (राजाचं काम एका ठरावीक घराकडेच जातं, त्यावर मी आज बोलत नाही, पण माझ्या लक्षात आहे.) ऐकून जो बरा वाटेल त्याला काम द्या. गावातली मुलगी बरी वाटली नाही तर खुशाल बाहेरून आणा, मीच फोन लावून देईन, आणि त्या बाईंची उतरायची सोय माझ्या घरी करेन. या मुलीच्या आईशी मी बोलले आहे. ती ‘हो’ म्हणालेली नाही. ‘समिती काय म्हणते ते बघू,’ म्हणाली. आजोबांना विचारायला गेले तर ते काही बोलले नाहीत, पेटीच्या भात्याला पट्टी लावत बसले होते. उठताना म्हणाले, ‘कुठलं नाटक धरताय?’

शेवटी एक व्यवहाराचं. नाटकाचा विषय सातवा ठेवलाय, जमाखर्चाच्या नंतर. जमाखर्चाला दर वर्षी दोन तास लागतात, आणि मुंबईकरांच्या परतीच्या गाड्यांची वेळ झाली की निम्मी सभा पिशव्या उचलून उठते. गेली तीन वर्षं सातवा विषय उठता उठताच मंजूर झालाय. तेव्हा यंदा तो पहिला घ्यावा. बायकांनाही सभेला बोलवावं. त्या दिवशी घरोघरी पाहुण्यांचा स्वयंपाक असतो, म्हणून सभा दुपारी तीनच्या आत ठेवू नये. सतरंज्या शाळेतून मी पाठवते.

कळावे,
आपल्याच गावची सून,
डाव्या विंगेतली बाई